उपवासाचं दळण

कुंडलिक धुरींचे वडील परळला कापडाच्या गिरणीत होते, आणि कुंडलिक मुलुंडला पिठाच्या गिरणीत. वडिलांना निदान संप तरी करता आला. इथे मालकही कुंडलिक आणि कामगारही कुंडलिक, तेव्हा घोषणा कोणाविरुद्ध द्यायच्या? बायको मालन चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी जान्हवी बंगळुरूला. गिरणीत आवाज करणारं उरलं ते यंत्र, आणि ते चालू असलं की दुसऱ्याला बोलू देत नाही.

हल्ली लोक तयार पिठाची पिशवी आणतात. कुंडलिकांकडे येतात ती वीस-पंचवीस हट्टी माणसं. पण गिऱ्हाइकं जितकी कमी झाली तितका कुंडलिकांचा रुबाब वाढला. दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे: ‘उपवासाचे दळण सोमवारी सकाळी सर्वांत आधी. घाई असणाऱ्यांनी ती घरी करून यावी.’

रविवारी संध्याकाळी ते दगड उघडून जुन्या टूथब्रशने साफ करतात. सोमवारी स्वतःच्या डब्यातली मूठभर वरी दळून चिमण्यांना टाकतात, म्हणजे राहिलासाहिला गहू निघून जातो. मगच उपवासाचं धान्य आत पडतं. या वरीचे पैसे कोणी देत नाही. ती टाकली जाते हेही कोणाला माहीत नाही. नियम मालनचा. “उपवास करणारीला दिसत नाही ना, म्हणूनच आपण बघायचं,” असं ती म्हणायची.

नवरात्रातल्या सोमवारी साडेसहाला शेजारचा केतन दहा किलो गहू घेऊन आला. तो पोळी-भाजीचे डबे पुरवतो.

“काका, वाट लागलीय. पीठ संपलं आणि पंचेचाळीस डबे जायचेत. द्या ना दळून.”

पाटीकडे बोट दाखवावं, असं कुंडलिकांच्या मनात आलं. पण सकाळी सकाळी कोणी काका म्हणून गयावया करतंय, हे सुख त्यांना वर्षातून एखाद-दोनदाच मिळतं. गहू दळून झाले.

आठ वाजता वनमालाबाई आल्या. म्युनिसिपल शाळेतून निवृत्त झालेल्या. जान्हवीला त्यांनीच शिकवलं. दर सोमवारी राजगिरा आणि वरी घेऊन येतात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि अर्धा तास कुंडलिकांची हजेरी घेतात.

“कुंडलिक, तू वाळलास की शर्ट दुसऱ्याचा आहे?”

“जावयाचा आहे, बाई.”

“मग जावई काय घालून हिंडतो?”

कुंडलिक इतके हसले की हसता हसताच त्यांनी धान्य आत ओतलं. बाई पीठ घेऊन गेल्या. पुढचे सहा दिवस कुंडलिक याच अर्ध्या तासावर काढतात. आपण काय उत्तर द्यायला हवं होतं, ते गुरुवारपर्यंत सुचतं.

दुपारी झाडू मारताना वरीचा डबा दिसला. झाकण कालच्यासारखंच घट्ट.

“मेल्या कुंडल्या,” ते स्वतःलाच म्हणाले.

केतन पैसे द्यायला आला होता. सगळं ऐकून म्हणाला, “काका, चिमूटभर गहू गेला असेल. त्यांना कळणारे का?”

“नाही.”

“मग?”

“तेच तर.”

“सांगाल ना, तर त्या पुन्हा यायच्या नाहीत. तुमच्याशी धड बोलणारं एकच माणूस आहे. बघा बाबा.”

हे कुंडलिकांना केतनपेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी पिठाचे हात धुतले आणि गिरणी उघडीच टाकून ते बाईंच्या बिल्डिंगचे तीन मजले चढले. एवढ्या वर्षांत त्यांच्या दारात ते प्रथमच उभे होते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “दोन थालीपीठं खाल्ली मी,” त्या म्हणाल्या.

“चूक झाली बाई. ते पीठ टाकून द्या. मी नवं धान्य आणून दळून देतो, माझ्या खर्चाने.”

“राहू दे. राजगिरा शिल्लक आहे घरात. देवीचं मी बघते. ती काही तुझ्यासारखी पाटी लावून बसलेली नाही.”

कुंडलिकांना हायसं वाटलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फुलाफुलांच्या कापडाखाली उभं असलेलं कपाट दिसलं. धंद्यातल्या माणसाला कापड काढावं लागत नाही.

“घरघंटी?”

“अनिरुद्धने आणून दिली. माझ्या मुलाने. दोन वर्षं झाली.”

“चालत नाही?”

“चालते की.” बाई पदराशी चाळा करू लागल्या. मग एकदम म्हणाल्या, “पण कुंडलिक, तुझ्या दगडावरचं पीठ आणि हिच्यातलं पीठ, यात फरक पडतच असेल ना?”

धंद्यातला प्रश्न आला की कुंडलिक ताठ होतात.

“छे! उलट उपवासाला हीच बरी. दुसऱ्या कोणाचं धान्य आत पडायची भीतीच नाही. मी तर म्हणतो, उपवासाचं घरीच दळत जा.”

बाईंनी घरघंटीवरचं कापड सरळ केलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “पाणी घेतोस?”

“नको. गिरणी उघडी आहे.”

पहिल्या मजल्यावर पोचल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षं. घरात चालू घरघंटी असताना ही बाई दर सोमवारी पिशवी घेऊन तीन मजले उतरत होती. कुंडलिक कठड्याला धरून उभे राहिले. मग वळले आणि प्रत्येक पायरीला घोकत वर निघाले: फरक पडतो, बाई. थोडासा पडतो. घरघंटीचं पीठ जरा भरड येतं.

दारापाशी आले, बेलकडे बोट नेलं, आणि आत यंत्र सुरू झालं. राजगिरा पडत होता. चाळीस वर्षं कान त्याच कामात मुरलेले. कुंडलिक नकळत ऐकू लागले. कुठे खरखर असेल, कुठे अडखळत असेल, एवढी एक खोट सापडली असती तरी त्यांना बोलता आलं असतं. पण आवाज एकसारखा होता. पीठ बारीक, उत्तम पडत होतं.

दळण संपेपर्यंत ते दाराबाहेर उभे राहिले. मग चपलांचा आवाज होऊ न देता जिना उतरले.