शेपटावरचं इंजिन

आमच्या आरमारमामांना जगात दोनच गोष्टी मान्य होत्या: डिझेलचा वास आणि स्वतःचं मत. उरलेल्या सगळ्या सृष्टीला ते नुसतं "हुं" म्हणायचे. त्या एका हुंकारात समोरच्या माणसाची अक्कल, शिक्षण आणि कुळ, तिन्ही निकालात निघायची.

मुंबईच्या गोदीत गेटपासवर शिक्के मारण्यात त्यांची उमेद गेली होती. तेवढ्या भांडवलावर ते करमाळा तालुक्यात दर्यावर्दी झाले आणि गावाने त्यांना आरमार बहाल केलं. पोहता येत नव्हतं. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "पोहतंय मासं. मानूस होडीत बसतोय."

सोलापुरातली नोकरी सोडून मी उजनी धरणाच्या काठी गावी परतलो. फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांना होडीतून फिरवायचं आणि त्यावर घर चालवायचं, असा माझा थोर बेत होता. एक जुनी फायबरची होडी मिळाली, पण इंजिनाविना. आता मागे टांगायचं आउटबोर्ड घ्यावं, की पोटात बसवायचं इनबोर्ड? गावात विचारायला एवढी माणसं असताना मी मामांना विचारलं. माझ्या अकलेचा अंदाज एवढ्यावरून यावा.

"शेपटावर इंजिन? होडी हाय का इंचू?" मामा कडाडले. "पान्याच्या मधोमध बंद पडलं, की मिस्त्री काय आभाळातनं आननार? आपल्या हिरीवरचं डिझेल इंजिन घाल पोटात. शेंबडं पोरगंबी खोलतंय ते हितं."

मुद्दा बिनतोड होता. दिवाळीचे दिवस होते, पाणी काठोकाठ होतं. मी मान डोलावली. फ्लेमिंगो येतात ते पाणी ओसरून गाळ उघडा पडल्यावर, हे आमच्या गावच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. मामांना आणि मला तेवढं सुचलं नाही.

पाणी ओसरल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं ते पुण्याचं एक डॉक्टर जोडपं. पांढरी टोपी घालून मामा न बोलावता पुढे बसले. पक्षी दिसू लागले, कॅमेरे निघाले, आणि होडीखालचा पंखा गाळात रुतला. होडी गाभण म्हशीसारखी बसली ती बसलीच.

"आता काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"इंजिन चालू हाय की," मामा म्हणाले. "पानीच गेलं, त्याला इंजिन काय करनार?"

तेवढ्यात गावातला सोपान आपली होडी घेऊन आला. त्याने मागचं इंजिन एका हाताने पाण्याबाहेर उचललं, बांबूने रेटत जवळ आला आणि आमचं गिऱ्हाईक अलगद घेऊन गेला. मामांनी त्याच्याकडे बघून नाक उडवलं. "शेपूट वर करून पळतंय बघ."

मी गुडघाभर गाळात उतरलो. मामांना म्हटलं, उतरा, भार कमी होईल. "कप्तान होडी सोडत न्हाय," म्हणून त्यांनी धोतर आणखी वर घेतलं. त्यानंतर मी त्यांना जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं? आता ढकल."

तो हंगाम गाळात गेला. मी ते इंजिन काढून परत विहिरीवर बसवलं आणि गुमान आउटबोर्ड घेतलं. घर त्यावरच चाललं. मामा मात्र त्या होडीत कधी बसले नाहीत. मी निघालो की काठावरून एक "हुं" यायचा. त्याची इतकी सवय झाली, की तो ऐकल्याशिवाय मी इंजिनाचा दोर ओढत नसे.

गेल्या माघात मामा गेले. मामींना सांगून ठेवलं होतं, "मला खोल पान्यात सोडा, गाळात नगं." शेवटी त्यांना त्याच होडीत बसावं लागलं. मामी मडकं मांडीवर घेऊन बसल्या, मी काठाकडे एकदा उगाच बघितलं आणि निघालो.

मधोमध पोचलो आणि इंजिन खोकून बंद पडलं. मी दोर ओढला, परत ओढला, हात सोलवटले. अवतीभवती नुसतं पाणी. तेवढ्यात गावातली वीज गेली असावी, कारण काठावरून आमच्या विहिरीवरच्या इंजिनाची ठकठक ऐकू येऊ लागली. एका दमात, न चुकता.

मामींनी कान दिला. मग मडक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "हसू नगा तुमी."

मी वल्हं उचललं.