इश्यूचे बूट

"काटो मत, इश्यू के हैं," एवढं ती म्हणाली आणि तिची शुद्ध गेली.

बूट कापावेच लागले. पाय सुजून आत घट्ट बसले होते, अंग तापलेल्या तव्यासारखं झालं होतं आणि दवाखान्याच्या गाडीतल्या माणसाला नाड्या सोडत बसायला वेळ नव्हता. फौजेत अधिकारी व्हायच्या प्रशिक्षणातली ती लांबची चाल होती, पाठीवर ओझं घेऊन, दक्षिणेतल्या उन्हात. तिच्या जोडीची मुलगी तिचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या रुमालानं पुसत होती. ही वाचणार की नाही, ते त्या गाडीत कुणालाच सांगता येत नव्हतं. ही हकीकत त्या मुलीनं हिच्या वडिलांना सांगितली आणि वडिलांनी मला.

मी कोण, तर बडोद्यात मांडवी दरवाज्याच्या आतल्या बाजूला जिन्याखाली मशीन घेऊन बसते ती. बॅगांच्या चेन बदलते, पट्टे शिवते. शाळा चौथीपर्यंत, पुढे मशीनच. ती आमच्याच गल्लीतली, परकराच्या वयापासून माझ्याकडे यायची. मला ती फार आवडायची असं नाही. हट्टी होती. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मावशी, आतून करा. बाहेरून दिसायला नको."

शाळेनं दिलेल्या गणवेशाची कॉलर टोचायची, तर आतून तिला स्वतःच्या जुन्या ओढणीचं अस्तर हवं. शाळेच्या परेडला मिळालेली पँट ढगळ, तर आतून टीप. मैत्रिणींना वाटायचं, हिलाच बरे कपडे मिळतात. मी म्हणायचे, "सांग की त्यांना." ती म्हणायची, "कशाला? मला जमत नाही असं वाटेल."

वडील उलट. नंदेसरीला केमिकलच्या कारखान्यात होते. कारखान्यानं दिलेले जाडजूड बूट हा माणूस सगळीकडे घालायचा. भाजीला, देवळाबाहेर काढून ठेवायला, पुतणीच्या लग्नात तर नव्या सफारीखाली. ही लाजेनं लाल. "पप्पा, काढा ना ते. सगळे बघतायत."

"बघू दे ने. कंपनीनं दिलेत. फाटले तर दुसरे देईल."

ते लग्न तिच्या मनातून गेलं नाही. दिलेली वस्तू घालायची नाही, हे तिनं तिथेच ठरवलं असावं. आणि निवड झाली ती नेमकी अशा ठिकाणी, जिथे टोपीपासून मोज्यापर्यंत सगळं दिलेलंच असतं. त्या लोकांच्या भाषेत इश्यूचं. हिचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते म्हणून घरात पेढे वाटले. मलाही दोन मिळाले.

पहिल्या सुट्टीला आली ती पाठीवरची बॅग घेऊन. पिट्ठू म्हणतात तिला. पट्टे पुरुषांच्या खांद्याच्या मापाचे, हिच्या हाडात रुतायचे. "आतून गादी घाला मावशी." घातली. मग हसत हसत सांगितलं, की पायात तिचे स्वतःचे बूट असतात, हलके, वरून अगदी इश्यूच्या बुटांसारखे दिसणारे.

"आणि सरकारनं दिलेले?"

"ते तपासणीला. पेटीत असतात. तोंड दिसेल असे चमकवलेत."

"घालत नाहीस?"

"ते लाकडाचे आहेत, मावशी. तिथे पुष्कळ जणी असंच करतात."

मी पण हसले. मला काय कळतंय त्यातलं.

त्या लांबच्या चालीच्या सकाळी उस्तादानं, म्हणजे त्यांना शिकवणाऱ्या हवालदारानं, सगळ्यांना बूट काढून बुटाची जीभ उलटी करायला लावली. आत सरकारी शिक्का नसेल त्यांनी बदलून यायचं. ही पेटीतला तो चमकता जोड घालून आली. कधी न घातलेला.

थोड्याच अंतरावर टाचा सोलल्या. सांगितलं असतं तर गाडीत बसवलं असतं. पण चाल पुरी झाली नाही की मागच्या तुकडीत टाकतात, बरोबरच्या मुली अधिकारी होऊन पुढे जातात. म्हणून ही बोलली नाही. थांबून परत पहिलं पाऊल टाकताना फार दुखायचं, म्हणून पाणी प्यायलाही थांबली नाही. जोडीची मुलगी विचारायची, "ठीक है?" ही म्हणायची, "ठीक है." बाहेरून काही दिसत नव्हतं. मग ती सरळ चालता चालता शेतात वळली आणि पडली.

वडील रात्रीच्या गाडीनं गेले, तेच कंपनीचे बूट घालून. ते पोहोचले तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. पुढे शुद्धीवर आली, वडिलांच्या पायांकडे बघितलं आणि रडायला लागली. "पप्पा, इश्यूचे बूट कापले."

"मग काय झालं? दुसरे देतील," ते म्हणाले. "दिलेलं असतं ते परत मिळतं. तू कुठून मिळणार होतीस?"

एवढं मोठं वाक्य त्या माणसानं त्यापूर्वी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

तिला मागच्या तुकडीत टाकलंच. बरं वाटेपर्यंत घरी पाठवलं, तेव्हा इश्यूचा नवा जोड बरोबर होता. टाचा भरून आल्यावर तिनं ते बूट पायातून काढलेच नाहीत. कुर्ता-पायजमा आणि खाली ते धूड. रोज संध्याकाळी बाप-लेक छाणीच्या रस्त्यानं फिरायला जायचे, चौघांच्या पायांइतका आवाज करत. भाजीवाला ओरडला, "आ शुं, बेन? लडाई पर जाओ छो?"

"ना काका, कोथमीर लेवा."

जाण्याआधी पिट्ठू घेऊन माझ्याकडे आली. गादी एका बाजूनं फाटली होती. मी सवयीनं पट्टा उलटा केला.

"नाही मावशी, वरून शिवा. तिकडच्या साहेबांना विचारलंय. हो म्हणाले."

"वरून शिवली तर ओबडधोबड दिसेल."

"दिसू दे."

मी शिवली. दोरा काळा संपला होता, खाकी लावला. तिनं पट्टा तसाच खांद्यावर चढवला.

पुढच्या खेपेला ती चाल तिनं पुरी केली आणि अधिकारी झाली. आता कुठेतरी थंडीच्या ठिकाणी असते, नाव सांगत नाही. वडील निवृत्त झाले, कंपनीचे बूट झिजले, आता चपला घालतात. त्यांचं येणं ऐकू येत नाही.

गल्लीतले लोक तिची गोष्ट वाढवून सांगतात. कुणी तिला गोळी लागली म्हणतं, कुणी पाय गेला म्हणतं. नवीन कुणी आलं की मला विचारतं, खरं काय. खरं एवढंच. बूट गेले. ती वाचली.