घरच्याची नाडी

“जीभ काढ गा!”

राम राम नाही, कसं काय नाही. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीतून सकाळी जो कोणी जाईल, त्याला वैद्यबुवा आपल्या ओट्यावरून एवढंच म्हणायचे. मिलच्या पाळीला निघालेला माणूस सायकलवरून एक पाय खाली टेकवायचा आणि मुकाट्याने जीभ बाहेर काढायचा. वैद्यबुवा मान वाकडी करून बघायचे आणि निकाल द्यायचे, “काल भजे हाणले. आज उपास.” तो ओशाळं हसून पुढे जायचा. बाहेरगावचा पाहुणा हे पहिल्यांदा बघायचा तेव्हा त्याला वाटायचं, या गल्लीत सगळे एकमेकांना वेडावून दाखवतात की काय!

मी जवळच्याच लहानशा दवाखान्यात नर्स होते. सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. नोकरी नवी, साडी पांढरी, आणि अंगात शिक्षणाची थोडी मस्ती. पहिल्याच दिवशी ओट्यावरून हाक आली, “जीभ काढ वं बाई!”

“मी नर्स आहे,” मी म्हटलं.

“नर्सले जीभ नसते का?”

होती की. चांगली लांब होती, हे त्यांना पुढे कळलंच.

तुम्हीही असे लोक पाहिले असतील, ज्यांना दुसऱ्याच्या पोटात काय चाललंय याची आपल्या घरापेक्षा जास्त काळजी असते. वैद्यबुवांचं म्हणणं असं, की बिमार पडल्यावर कोणीही दवा देते, पडूच न देणं हे खरं काम. उन्हाळ्यात खिशात कांदा आणि पोटात पन्हं असल्याशिवाय ते कुणाला गल्लीबाहेर सोडायचे नाहीत. चैत्रात कडुनिंबाचा रस. त्या दिवसांत गल्लीतले हेडमास्तर मागच्या बोळातून शाळेत जायचे, आणि वैद्यबुवा तिथे पेला घेऊन उभे असायचे! स्वतःची तारीफ स्वतःच करण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. “हे गल्ली माह्या जोरावर उभी हाय, सिस्टर,” असं ते मला तोंडावर सांगायचे.

पण त्यांच्या बाजूने बोलायचं ते बोलायलाच हवं. जात विचारून त्यांनी कधी कुणाचा हात धरला नाही. आणि आपल्याला झेपत नाही ते झेपत नाही म्हणायचे. डोळ्यांत पिवळेपणा दिसला, पोराची छाती वाजली, की लगेच, “हे माह्या कामाचं नाही. सिस्टरकडं जा. आताच जा!” पोरांना लस टोचायचा दिवस असला की ओट्यावरून ओरडून ओरडून पोरं माझ्याकडे हाकलायचे. एवढी अक्कल होती हो त्या माणसाला! म्हणून तर मला राग येतो. अडाणी असता तर सोडून दिलं असतं.

बायकांची तऱ्हा वेगळी होती. बाई ओट्यावर आली की वैद्यबुवा डावं मनगट धरून डोळे मिटायचे, मग हात सोडून म्हणायचे, “आत जा वं, तिले सांग.”

ती म्हणजे त्यांची बायको. आम्ही तिला वैद्यीणबाई म्हणायचो. पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची लेक, उंच, हाडापेराने मजबूत. आत खल घेऊन बसलेली असायची. हिरडा, बेहडा, आवळा, सुंठ, सगळं तिनेच कुटायचं. तिच्या खलाच्या आवाजावर गल्लीतल्या बायका वेळ ओळखायच्या. बायकांच्या ज्या गोष्टी पुरुषाने विचारायच्या नसतात, त्या ती विचारायची. पाळी कशी आहे, अंगावरून किती जातं, पांढरं जातं की लाल. मग चौकटीत येऊन नवऱ्याला अर्ध्या वाक्यात सांगायची, “हिले सिस्टरकडं पाठवा.” तेही काहून म्हणून विचारायचे नाहीत, पाठवायचे. अशा किती बाया माझ्याकडे वेळेवर आल्या असतील! नाव मात्र ओट्याचं व्हायचं.

वैद्यबुवांचा एक नियम होता. घरच्याची नाडी पाहायची नाही. हा त्यांच्या वडिलांचा नियम. वडीलही वैद्य. धाकटा मुलगा तापाने फणफणला तेव्हा त्यांनी स्वतः नाडी पाहिली आणि म्हणाले, चांगली आहे, उतरेल. पोरगा गेला. त्या दिवसापासून वडिलांनी घरात सांगून ठेवलं, मायेनं बोट खोटं बोलते, घरच्या माणसाला दुसऱ्या वैद्याकडेच न्यायचं.

आता बघा, नियमात वाईट काय आहे? काहीच नाही. पण हा दुसरा वैद्य आणायचा कुठून? इतवारीत त्यांचा एक जुना दोस्त होता वैद्यकी करणारा, त्याच्याशी यांनी भांडण करून ठेवलेलं. कशावरून? तर गुळवेलीवरून! हे म्हणायचे, गुळवेल कडुनिंबावर चढलेलीच पाहिजे. तो म्हणायचा, वेल ती वेल, झाडाचं काय घेऊन बसला. झालं, बोलणं बंद. दोन म्हाताऱ्या पुरुषांनी एका वेलीपायी तोंडं फिरवली, आणि त्या घरातल्या बाईला वैद्यच उरला नाही. हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. गल्ली तर ते भांडण रंगवून रंगवून सांगायची आणि हसायची.

त्या वर्षी पावसाळ्यात खलाचा आवाज थांबत थांबत येऊ लागला. चार ठोके, मग गप्प. पुन्हा दोन ठोके. मी दोन-तीनदा जाता जाता विचारलं तर आतून उत्तर, “काही नाही वं, सुंठ निबर हाय.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सरळ आत गेले. बाहेर ओट्यावर बैलांच्या सजावटीच्या गप्पा चालल्या होत्या. वैद्यीणबाई भिंतीला पाठ टेकून बसली होती, खल पुढ्यात. उठून मला काढा द्यायला लागली तेव्हा तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. तळवा कागदासारखा पांढरा. मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. रक्ताचं नाव नाही.

“काय होतंय?”

ती दाराकडे बघून हळूच म्हणाली, “पाळी जाऊन वर्षं झाली होती. अन् आता पुन्हा अंगावरून जाऊन राहिलं.”

“कधीपासून?”

“संक्रांतीपासून.”

“अहो, बायकांना रोज हेच विचारता ना तुम्ही!”

“तेच तं,” ती म्हणाली. “मले माहीत हाय ना, हे काय असते ते.”

मग मी विचारलं, “सांगितलं का नाही कुणाला?”

“कोणाले सांगू? हे घरच्याची नाडी पाहत नाहीत. इतवारीवाल्याचं नाव या घरात काढता येत नाही. अन् तुमच्या दवाखान्यात लाइनीत बसली असती तं लोक काय म्हणन? वैद्याचीच बायको सुई घ्याले आली. मंग याइच्या ओट्यावर जीभ कोण काढन?”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ओट्यावर आले आणि बसलेल्या साऱ्यांना म्हटलं, “उठा. ओटा बंद आज. निघा!” लोक माझ्या तोंडाकडे पाहत उठले. वैद्यबुवा म्हणाले, “काय झालं, सिस्टर?”

रागावले की माझी शाळेतली भाषा पळून जाते. “जगाच्या जिभा पाहून राहिले तुम्ही! अन् घरात बाई पांढरीफट पडली ते दिसत नाही तुमाले?”

“काय झालं तिले?”

“मले काहून विचारता? आत जा, तिले विचारा!”

ते उभे राहिले. चौकटीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. “घरच्याची नाडी आपण…”

“नाडी पाहा म्हणते का मी? विचारा म्हणते! विचाराले कोणत्या शास्त्रात मनाई हाय?”

ते चौकटीला हात लावून तसेच उभे राहिले, आतही जाईनात, बाहेरही येईनात. आतून वैद्यीणबाईचाच आवाज आला, “जाऊ द्या वं सिस्टरबाई, त्याइले नोका बोलू.” घ्या! अंगात रक्त नाही, आणि काळजी कुणाची, तर ओट्यावरच्या माणसाची. मला तर तिचाही राग आला. मी रिक्षा बोलावली आणि तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी तपासलं, बाहेर येऊन मला म्हणाले, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे, पसरला आहे, आता फारसं काही हातात नाही. आणि वर विचारलं, “सिस्टर, तुमच्या दवाखान्याच्या इतकं जवळ राहणारी बाई, आधी का नाही आणली?” काय सांगणार त्यांना? गुळवेलीचं भांडण सांगू?

वैद्यबुवा रोज भेटीच्या वेळी यायचे. धुतलेलं धोतर, टोपी, हातात डबा. पण बायकोच्या खाटेजवळ बसायचे नाहीत. पायथ्याशी जरा उभं राहायचं आणि सुटायचं वॉर्डभर. शेजारच्या खाटेवरच्या बाईला, “जीभ काढ वं.” तिच्या शेजारणीला, “दूध कोण देऊन राहिलं तुले? बंद कर.” आठवड्याच्या आत भेटीची घंटा झाली की अर्धा वॉर्ड जिभा काढून तयार! वॉर्डच्या सिस्टरने त्यांना एकदा हाताला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. सगळे हसायचे, वैद्यीणबाईसुद्धा हसायची. मी नाही हसले. एवढ्या खाटा फिरणाऱ्या माणसाला ती एक खाट दिसत नव्हती. आज वाटतं, तीच तेवढी दिसत होती. पण तेव्हा मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटायचं.

एका दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. वैद्यबुवांची फेरी चालली होती. तिने हाक मारली. आवाज बारीक झाला होता, पण हुकमाचा होता.

“अवो, इकडं या. सगळ्याइचं पाहून झालं. माहं राह्यलं.”

ते आले. खाली बघत म्हणाले, “घरच्याची नाडी पाहू नये.”

“हे घर हाय का?” ती म्हणाली, आणि चादरीतून डावा हात काढून पुढे केला.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी अडवेल अशी आशा असावी. मग बोटं धोतराला पुसली, खाटेच्या कडेवर बसले आणि तीन बोटं तिच्या मनगटावर ठेवली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिचा हात असा पहिल्यांदा धरला असेल. डोळे मिटले. घंटा होऊन भेटीची वेळ संपली, लोक निघून गेले, तरी त्यांनी हात सोडला नाही, आणि वॉर्डच्या सिस्टरनेही त्या दिवशी त्यांना उठवलं नाही.

“काय म्हणते?” तिने विचारलं.

“चांगली हाय,” ते म्हणाले. “उतरन.”

ती हसली. माझ्याकडे वळून म्हणाली, “पाह्यलं, सिस्टरबाई? सासरे खरं सांगत होते. खोटंच बोलते बोट.”

आणि इतकी खूश दिसली हो ती, की मला तिथून उठून जावं लागलं.

दिवाळीच्या आधी ती गेली. लोक मला म्हणतात, आता सोडा, म्हातारा मनाने वाईट नव्हता. नव्हताच. मी कधी म्हटलं वाईट होता? पण चांगल्या माणसाच्या घरातही विचारायचं राहून गेलेली बाई मरते, आणि मग तो चांगला होता म्हणून सगळे गप्प बसतात. मी का गप्प बसू?

तेरावं झाल्यावर वैद्यबुवा पुन्हा ओट्यावर बसले. जीभ काढ म्हणेनात. लोक आपणहून काढायचे, ते बघायचे, मान हलवायचे. आतून खलाचा आवाज नाही. मी दवाखान्यात जाताना दोन मिनिटं तिथे थांबायची. का थांबायची ते माझं मलाच ठाऊक नाही, भांडण तर संपलं नव्हतं.

अशीच एक सकाळ. गल्लीत नुकतीच लग्न होऊन आलेली एक पोरगी, डोक्यावरचा पदर सावरत ओट्यावर आली. वैद्यबुवांनी तिचा डावा हात धरला, डोळे मिटले, नाडी पाहिली. मग हात सोडून, डोळे न उघडताच म्हणाले,

“आत जा वं, तिले सांग.”

पोरगी नवीन. तिला काय माहीत? ती उठली, चौकटीपर्यंत गेली आणि आत डोकावून तिथेच उभी राहिली. मग मागे वळून तिने विचारलं, “आत तं कोणीच नाही, बाबाजी. कोणाले सांगू?”