झोप नव्हती आली

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात कुणीही सांगेल. थोरल्या जाऊबाईंना मी तोंडावर ‘गादीवाली’ म्हणते आणि त्या ऐकून घेतात, कारण त्या आहेतच गादीवाली. खाली दुकान, वर घर. दीर गेल्यावर कापूस पिंजायचं यंत्र त्यांनी स्वतः चालवलं, गाद्या भरल्या, लांब सुईनं टाके घातले. कोपऱ्यात एक गाठ राहिली तरी अख्खी गादी उसवायच्या. घरभर कापसाची धूळ, झाकलेल्या पाण्यावरसुद्धा.

त्यांच्या मुलाचे डोळे लहानपणापासून लाल असायचे. मुठी वळून तो ते इतके चोळायचा, की चुक्‌चुक् असा ओला आवाज यायचा. आता डोळे चोळणाऱ्या पोराला गादीवाल्यांच्या घरात औषध कोणतं? जाऊबाई यंत्र बंद करायच्या, त्याला नव्याकोऱ्या गादीवर निजवायच्या आणि थोपटत बसायच्या. आमच्या गादीवर पोर कसं ढाराढूर झोपतं, ते गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायच्या. चष्म्याचा नंबर वाढत गेला तेव्हा आम्ही सगळ्यांनी टीव्हीला शिव्या घातल्या.

तो कॉलेजात गेल्यावर डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन टोकासारखा पुढे आला होता, आणि वर्षानुवर्षं चोळून चोळून तो जास्तच बिघडला होता. आज त्याच्या एका डोळ्यात पांढरा डाग आहे. दुसऱ्यानं माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. स्वतःच्या लेकीला तो आवाजावरून ओळखतो.

तेव्हापासून तो आवाज जाऊबाईंच्या मागे लागला. यंत्र त्यांनी लांबच्या गाळ्यात हलवलं, पण घरात पाऊल टाकलं की आतल्या खोलीतून चुक्‌चुक् येतं म्हणायच्या. जाऊन बघावं तर खोली रिकामी. रस्त्यात परक्या पोरांचे हात धरायच्या, आयांची बोलणी खायच्या. मी भरपूर थट्टा केली. मग एकदा भर दुपारी त्यांच्याकडे एकटीच बसले होते, आणि मलाही ऐकू आला. खोलीत कुणी नव्हतं. त्यानंतर मी थट्टा केली नाही.

नातीवर तर त्या डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायच्या. तरी यंदा आवाज खरा निघाला. पोर पांघरुणात तोंड खुपसून डोळे चोळत होती. डॉक्टर म्हणाले, पडदा किंचित पातळ झालाय, पण वेळेत आलात, चोळणं थांबलं तर डोळे वाचतील. खाजेचे थेंब दिले. लाली गेली. चोळणं काही जाईना. जाऊबाईंनी रागावून पाहिलं, हातांवर मोजे चढवून पाहिले. पोरीचा हात डोळ्याकडे गेला, की हातातलं काम टाकून धावायच्या आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन बसायच्या. मला तर रडूच यायचं. एकाचे गेले, आता हिचेही जाणार का?

शेवटी मुलगाच बोलला.

“आई, तिला खाज येत नाही आता. ती तुला बोलावतेय.”

जाऊबाईंना कळेना.

“मीही तेच करायचो,” तो म्हणाला. “खाज होती, पण तेवढी नव्हती. आणि झोप तर कधीच आलेली नसायची. डोळे चोळले की यंत्र थांबायचं, तू जवळ यायचीस.”

मग जाऊबाईंनी मला विचारलं, “नुसतं ‘ये’ म्हणाला असता, तर मी आले नसते का?”

माझ्या डोळ्यांसमोर ते पोर उभं राहिलं. दारात उभं राहून आई, आई करायचं, आणि या मान वर न करता म्हणायच्या, थांब, एवढी गादी होऊ दे.

“आला असतात,” मी म्हणाले. त्यांना कधी नव्हे ते मी खोटं सांगितलं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं.

त्या उठल्या आणि नातीच्या खोलीत गेल्या. ती जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. जाऊबाई तिच्याशेजारी टेकल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. पोर दचकली. खडू टाकून दोन्ही हात पुढे करून तिनं दाखवले.

“आजी, मी नाही चोळले.”