हवा उठायच्या आधीची घंटा

"बाई, हवा अजून उठली नाही." असं म्हणून ते पेटलेली उदबत्ती गुडघ्याच्या उंचीवर धरत आणि श्वास रोखून धुराकडे बघत बसत. आमच्या शाळेचे शिपाई. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही तेच म्हणते.

शाळा अंबरनाथला, केमिकल कारखान्यांच्या पट्ट्याला लागून. मामा आधी त्यातल्याच एका कारखान्यात बॉयलरवर होते. तो बंद पडला आणि पन्नाशीला हे आमच्याकडे घंटा द्यायला आले. थंडीत रोज पावणेसातला मैदानात उकिडवं बसून त्यांची ही तपासणी चाले. धूर सरळ वर गेला तर स्वारी खुशीत घंटेकडे निघे. हातभर वर जाऊन आडवा पसरला, की कपाळाला आठ्या. "आज पोरांना वर्गातच बसवा. ऊन येऊ दे, जमीन तापू दे, मग उठेल हवा."

स्टाफरूममध्ये याची काय थट्टा व्हायची! "मामा, हवेला चहा नेऊन द्या, म्हणजे उठेल." मामा बुद्धविहारात जाणारे, म्हणून एकाने तर त्यांच्या पाठीमागे, "यांच्यात कधीपासून आली ही पूजा?" असंही म्हटलं. मी हसले नाही, पण गप्प बसले. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून हुशार.

आणि मी कोण, तर भूगोलाची बाई! दरवर्षी नववीला फळ्यावर आकृती काढून शिकवायची. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन भराभर थंड होते, तिला लागलेली हवाही गार आणि जड होते, आणि वर उबदार हवेचा थर राहतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात, खालचा धूर खालीच अडकतो. "परीक्षेला हमखास येतं, अधोरेखित करा." मामा तेच सांगायचे. "पातेल्यावर झाकण पडलंय, बाई. हे कारखानेवाले पहाटे गुपचूप गॅस सोडतात, तो जाणार कुठे? पोरांच्या नाकात."

एकदा ते मला उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात दिसले. सिंधी दुकानदार मोगरा, चंदन असे पुडे पुढे करत होता आणि मामांचं एकच, "साईं, बिना खुशबूवाली दो." मी विचारलं तर म्हणाले, "वासाची घेतली तर गॅसचा वास कळणार कसा?"

मग जानेवारीतली ती सकाळ. क्रीडासंमेलन तोंडावर आलेलं, हेडमास्तरांना कवायत बसवून हवी होती. उदबत्तीचा धूर आडवा, घशात आंबट खवखव. मामा घंटेपुढे वाट अडवून उभे राहिले.

"सर, पाऊण तास थांबा. हात जोडतो."

"बाजूला व्हा! शाळा काय तुमच्या उदबत्तीवर चालते?"

सरांनी हातोडी हिसकावून घेतली आणि स्वतः घंटा दिली.

हात वर, हात बाजूला, दीर्घ श्वास. पोरं छाती भरभरून ती घाण आत घेत होती आणि आम्ही आकडे मोजत होतो. आधी खोकला सुरू झाला, मग डोळ्यांतून पाणी, मग उलट्या. सहावीतली एक दम्याची मुलगी ओठ निळे पडून खाली बसली. मामांनी तिला उचललं आणि "वर चांगली हवा आहे, वर चला!" असं ओरडत जिने चढून गच्चीवर नेलं. तिथून दवाखान्यात. दोन दिवस ऑक्सिजनवर होती पोर. वाचली.

पालक गेटवर जमले. शाळेला कुणाची तरी मान हवी होती, आणि कारखान्यांशी वाकडं कोण घेणार? क्रीडासंमेलनाची बक्षिसं त्यांचीच. मग अहवाल तयार झाला: 'शिपायाने मैदानात लावलेल्या उदबत्तीच्या धुरामुळे विद्यार्थ्यांना त्रास झाला.' अहो, एका उदबत्तीने शेकडो पोरं ओकतात? मग देवळातले पुजारी जगतात कसे? लिहिणाऱ्याला लाज नाही वाटली!

आणि खाली साक्षीदार म्हणून सही कुणाची? माझी. "विषय तुमचा आहे बाई, तुमच्या सहीला वजन आहे," सर म्हणाले. मी तेव्हा नोकरीत कायम झाले नव्हते. ही सबब तुम्हाला सांगतानाही माझीच मला चीड येते.

मामांनी कागद दोनदा वाचला. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "बाई, तुम्ही तर हे शिकवता," एवढंच म्हणाले. हातोडी खिळ्याला अडकवली आणि बदलापूर गावात भावाकडे राहायला गेले. त्यांच्या त्या शांतपणाचाही मला राग येतो. इतकं सभ्य असावं कशाला माणसानं?

पुढच्या थंडीत नवा शिपाई होता, घड्याळ बघून बरोबर सातला घंटा देणारा. एका सकाळी तीच मुलगी, आता सातवीत गेलेली, रांग सोडून घंटेखाली येऊन उभी राहिली.

"बाई, हवा उठलीय का, बघितलं का कुणी?"

समोरच्या चिमणीचा धूर खाली उतरून मैदानाच्या भिंतीवर पसरलेला मला दिसत होता. घशात तीच आंबट खवखव होती. व्हरांड्यात हेडमास्तर उभे होते.

"रांगेत जा," मी म्हणाले.

रुमालाने नाक दाबून ती गेली.