मामांचं रिव्हॉल्वर आणि करडीचं तेल

घरात बंदूक असली की तिथं भीती साठत असेल, असं मला लग्नाआधी वाटायचं. तीर्थपुरीजवळच्या या घरात येऊन वर्ष होत आलं, भीती काही दिसली नाही. किस्से मात्र इतके साठलेत की बसायला आलेल्या प्रत्येकाला एखादा तरी द्यावाच लागतो.

रिव्हॉल्वर माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं. स्टेनलेस स्टीलचं, रीतसर लायसन्सचं. मामा पूर्वी सरपंच होते. सरपंचकी गेली, जीप विकली, ओट्यावर बसणारी माणसंही पांगली. गावानं अजून 'सरपंच' म्हणावं, याला आता हे एकच कारण उरलंय.

*

रविवारी सफाई. गोळ्या आधी कपाटात, कुलपात. मग मामा ओसरीत चादर अंथरतात, गोळ्या बसायचं गोल चक्र उघडतात आणि घरातल्या प्रत्येकाला त्याची सहाही घरं दाखवतात. बघणाऱ्यानं मोठ्यानं "रिकामं!" म्हणायचं. त्याशिवाय मामा फडकं हातात घेत नाहीत.

नवी सून म्हणून मी पहिल्यांदा नुसती मान हलवली.

"तोंडानं बोल, सूनबाई. इथं लाजायचं न्हाई अन् खोटं बिलकुल बोलायचं न्हाई!"

नणंदेला बघायला आलेला मुलगा रविवारीच आला. त्यानं आधी चक्र बघितलं, "रिकामं" म्हणाला, मग मुलगी बघितली.

होकार त्यानं तिथंच दिला!

*

एका रविवारी मामा फोन घ्यायला अंगणात गेले. परत येतात तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोरीत बसून तारेच्या घासणीनं रिव्हॉल्वर घासतायत. राख लावून.

"अगं, काय करून राह्यली!"

"डाग पडल्ता. स्टीलच हाय की! माझ्या कळश्या बघा अन् हे बघा."

ओरखडे अजून आहेत. पुढं आठवडाभर मामा स्टीलच्या ताटात जेवले नाहीत.

*

निवडणूक लागली की शस्त्र ठाण्यात जमा करावं लागतं. निघताना आत्याबाईंनी त्याला हळद-कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या. घरातून काहीही कामावर निघालं की त्यांचा हा नेम, मग ट्रॅक्टर असो की पोरगा.

त्यानंतर मामांचे हवालदाराला फोन. "ओल लागू देऊ नका. कापडात गुंडाळू नका, घाम धरतं. मधूनमधून नजर टाकत जा, सायेब."

माझ्या पाठवणीत माझे वडील एवढं बोलले नव्हते.

रिव्हॉल्वर परत आलं तेव्हा मामा हळूच म्हणाले, "उतरल्यासारखं दिसायलंय." मी दिवाळीला माहेरून परत आले तेव्हा म्हणाले होते, "आलीस? चहा टाक."

*

मग बंदुकीचं तेल संपलं. जालन्याला कोण जाणार? मामांनी रानातल्या करडीचं, घाण्याचं तेल घातलं.

"घरचं हाय. माणसाला चालतं, मंग याला का न्हाई?"

पुढचे रविवार कापूस वेचणीत गेले. आणि लायसन्स नूतनीकरणाचं ठाण्यातून बोलावणं आलं. शस्त्र साहेबांपुढं उघडून दाखवायचं होतं.

चक्र उघडेना.

मामा खांबाला टेकून बसले. "हे गेलं तर मला कोण इचारतंय," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही.

मी चुलीपाशी होते. "मामा, कढईच्या कडेला तेल वाळलं की असंच चिकटतं. रॉकेलनं निघतं."

रॉकेलचा बोळा, जुना दातांचा ब्रश, आणि चक्र उघडलं! वरून आत्याबाईंच्या शिलाई मशीनचं पातळ तेल. पुन्हा चिकटेल या धास्तीनं मामांनी निघेपर्यंत ते उघडंच ठेवलं. निघताना आत्याबाईंनी हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

"तूबी चल," मामा मला म्हणाले. "चिकटलं तर?"

*

ठाण्यात साहेब म्हणाले, "उघडा."

चक्र सहज उघडलं. मामांचा जीव भांड्यात पडला आणि सवयीनं त्यांचा हात माझ्याकडं वळला.

"बघ, सूनबाई."

अख्खं ठाणं माझ्याकडं बघत होतं. मी एकेक घर बघितलं. खोटं बोलायचं नव्हतं.

"रिकामं न्हाई, मामा."

खुर्च्या सरकल्या! हवालदार कपाटामागं गेला. मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

साहेबांनी रिव्हॉल्वर हातात घेतलं आणि तळहातावर हलकेच आपटलं. हळदीचा एक तांदूळ पडला.

"या बाहेर," ते कपाटाला म्हणाले. "अक्षता हाय."

त्यांनी तो तांदूळ कपाळाला लावून खिशात ठेवला. सही करायला पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. मग कमरेचं स्वतःचं पिस्तूल काढलं, गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि ते उघडून माझ्यापुढं धरलं.

"ताई, हे पण जरा बघा."

मी बघितलं. "रिकामं," म्हणाले. मोठ्यानं.

मग त्यांनी सही केली.