सेकंड शिफ्टची बदकं

समोरून कुणी आलं की आमचे टाइमकीपर आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि मग माणसाकडे. "बोला, किती लेट?" हा त्यांचा रामराम. मी मुलीच्या बारशाचं बोलावणं करायला गेलो, तर म्हणाले, "मुलगी वेळेवर झाली ना?" झाली होती बिचारी. नाहीतर तिच्याही कार्डावर लाल शेरा पडला असता.

चिंचवडला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये आमची भिंतीला भिंत. मी लेथवर, ते गेटवर. मूळ कुरुळीचे, पण टाइम ऑफिसात बसल्यापासून 'हाय' नि 'न्हाई' तोंडात येऊ द्यायचे नाहीत. वहिनी मात्र आपली बोली सोडायला तयार नव्हत्या. त्या रस्त्यापलीकडच्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला, कायम फर्स्ट शिफ्ट. हे कायम सेकंड. साडेतीनला त्या बाहेर, साडेतीनला हे आत. यांची सुट्टी गुरुवारी, त्यांची रविवारी. मूलबाळ नव्हतं. लक्षात येतंय ना तुमच्या? आमच्या कुणाच्याही आलं नव्हतं. माझ्या शिफ्टा आठवड्याला बदलायच्या, म्हणून मला दोघंही दिसायचे आणि निरोप पोचवायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं होतं.

घरात जरा गजबज असावी म्हणून वहिनींनी माहेराहून चार बदकं आणली. मागच्या अंगणात अर्धं पिंप पुरून त्यांना तळं केलं. पण एका दुपारी हे तीनला घराबाहेर पडले, वहिनी पावणेचारला पोचल्या, आणि मधल्या त्या पाऊण तासात मोकाट कुत्र्यांनी तीन बदकं संपवली. उरली ती थोरली. ती पिंपाच्या कडेला पंखात मान खुपसून बसू लागली. दाण्याला तोंड लावेना. वहिनींचा तिच्यावर फार जीव.

"दादा, त्यास्नी सांगा, ही आठ दिस काढायची न्हाई," असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मी निरोप दिला. पुढच्याच गुरुवारी ते आळंदीला गेले आणि नदीकाठच्या एका माळ्याकडून तीन तरण्या माद्या घेऊन आले. मीही होतो बरोबर, पिशवीचा एक बंद धरायला. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "काका, पिशवीत काय हाय?"

"नवीन भरती," हे म्हणाले. आणि नवीन भरतीनं अशी काही क्वॅक-क्वॅक लावली की शेजारचा बाप्या खिडकीला चिकटून उभाच राहिला.

अंगणात पिशवी उघडली मात्र, आठवडाभर न हललेली थोरली ताडकन उठली! मान लांब करून धावली ती थेट एकीच्या शेपटीला. पिसंच पिसं. तिघी कोपऱ्यात, ही पिंपावर.

"बघितलंत?" टाइमकीपर मला म्हणाले. "गेटवर गर्दी. दोन बॅच एकदम सोडल्या की मारामारी होणारच."

मग त्यांनी काय केलं असेल? शिफ्टा लावल्या. देवाशपथ सांगतो. खुराड्यात मध्ये पत्रा ठोकला. सकाळपासून हे ड्यूटीला निघेपर्यंत अंगण आणि पिंप थोरलीचं. निघताना थोरली आत; वहिनी घरी आल्या की तिघी बाहेर, त्या अंधार पडेपर्यंत. स्वयंपाकघरात तक्ताही चिकटवला, खाली सहीसकट.

आता थोरली फर्स्ट शिफ्टला एकटी. पुन्हा मान पंखात. पुन्हा दाणे तसेच.

"सोबतीला आणली, अन् भेटू द्यायची न्हाईत!" वहिनी माझ्यापाशी करवादल्या. "काय डोकं म्हनायचं हे!"

मी भिंतीवरून विषय काढला.

"एक तक्रार नाही, एक भांडण नाही," ते म्हणाले.

"पण ती खात नाही ना, राव!"

"ते... बघू." आवाज एकदम खाली आला. त्यांनाही घोर लागलेलाच होता. सकाळी तळहातावर भिजवलेला तांदूळ घेऊन ते तिच्यासमोर उकिडवे बसलेले मी पाहायचो. "घे ना गं, एक दाणा घे," असं हळूच म्हणायचे, आणि मला बघितलं की खाकरायचे.

मग एका गुरुवारी वहिनींनी रजा टाकली. जन्मात पहिल्यांदा. सकाळी उठल्या, पदर खोचला आणि खुराड्यातला पत्रा उपटून फेकून दिला.

चौघी समोरासमोर. काय तो दंगा! टाइमकीपर दाढीचा फेस तसाच घेऊन, "थांबा! अजून शिफ्ट संपली नाही!" ओरडत मध्ये धावले, शेवाळावरून पाय घसरला आणि बूड थेट पिंपात. पाय वर, हात वर, मधला माणूस अडकलेला. आणि इतका वेळ एकमेकींची पिसं उपटणाऱ्या त्या चौघी सगळं सोडून यांच्यावर तुटून पडल्या. थोरली पुढे, तिघी मागे. एकीनं लेंग्याची नाडीच ओढायला घेतली. मदतीला जायचं सोडून मी भिंत धरून हसत होतो, त्याची लाज मला आजही वाटत नाही.

साहेबाला वठणीवर आणल्यावर चौघी मिळून दंग्यात उलटलेल्या वाटीतल्या तांदळाकडे वळल्या. थोरलीनं एक दाणा टिपला. मग दुसरा. मग तिला दमच निघेना.

"आगं, खातीया बघ!" पिंपातून टाइमकीपर ओरडले. "खातीया, खातीया ती!"

वहिनी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. मग हसू थांबलं.

"आवं, आपलंबी तसंच हाय की," त्या म्हणाल्या. "एका घरात ऱ्हातो, अन् पाळीपाळीनं."

त्यांनी पिंपातूनच गालावरचा फेस पुसला. म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"कवा सांगू? तुमी झोपल्यालं असता."

दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ शिफ्ट बदलून मागणारा अर्ज घेऊन साहेबांसमोर उभा. ज्यानं आमचे असले अर्ज नाक मुरडून पुढे ढकलले, तोच! साहेबांनी विचारलं, "घरी कोण आजारी आहे?"

"कुणी नाही, साहेब," हे म्हणाले. "घरी बायको असते."

मिळाली फर्स्ट शिफ्ट. त्यानंतर साडेतीनला दोघं आपापल्या गेटातून बाहेर पडायचे, जो आधी येईल तो दुसऱ्यासाठी थांबायचा, आणि दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लावायचे. मागून चालताना आम्ही मुद्दाम खोकायचो. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

निवृत्त होऊन दोघं कुरुळीला गेले. टाइमकीपर वारल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा वहिनी ओट्यावर एकट्याच होत्या. मी विचारलं, "कसं झालं अचानक?"

"सकाळच्याला च्या घेत व्हते. कप खाली ठिवला, अन् गेले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी घरीच व्हते, दादा. त्यांच्या शेजारीच बसले व्हते."